विश्लेषण : जपानी लष्करी तलवारी जगभरच्या संग्रहात, मग जपानमध्येच बेकायदा का?

दुसऱ्या महायुद्धात लढलेले आजोबा जातात, घर आवरताना माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेली एक वक्र तलवार सापडते. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातल्या अनेक कुटुंबांना गेल्या काही वर्षांत हा अनुभव आला आहे. घरच्यांना वाटते, हाती सामुराईचा खजिना लागला. जाणकार मूठ उतरवून पाहतो, तर आत कोरलेले असते ‘शोवा १९’, म्हणजे १९४४.

पूर्वी अशा तलवारीची ‘कारखान्यातला माल’ म्हणून बोळवण होत असे. आता युद्धाच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांतल्या याच ओबडधोबड तलवारींकडे संग्राहक वळले आहेत. गंमत म्हणजे यातल्या बहुतेक तलवारी ज्या देशात घडल्या, तिथे बाळगताच येत नाहीत. हे असे का, आणि या तलवारींत पाहण्यासारखे काय आहे?

‘गुन्तो’ म्हणजे काय?

जपानी भाषेत ‘गुन्तो’ म्हणजे लष्करी तलवार. १८७६ मध्ये मेजी सरकारने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास बंदी घातली आणि सामुराईंची ओळखच काढून घेतली. अपवाद होता तो गणवेशातील लष्करी आणि पोलीस अधिकाऱ्यांचा. त्यांच्या कमरेला युरोपीय धाटणीची, एका हाताने धरायची तलवार आली.

१९३० च्या दशकात राष्ट्रवादाची लाट चढली तेव्हा लष्कराने ही परदेशी धाटणी टाकून दिली. १९३४ मध्ये अधिकाऱ्यांसाठी नवी तलवार ठरली. तिची घडण कामाकुरा काळातील (११८५ ते १३३३) ‘ताची’ या तलवारीवर बेतलेली होती. दोन हातांनी धरता येईल अशी लांब मूठ, त्यावर पाकट माशाचे खरखरीत कातडे, वरून रेशमी फीत आणि परजेवर साकुराची फुले. जुन्या योद्ध्यांशी नाते सांगणे हा या बदलामागचा उघड हेतू होता.

येथे एक फरक लक्षात ठेवावा लागतो. अधिकारी आपली तलवार स्वतःच्या पैशाने घेत, त्यामुळे ती त्यांची खासगी मालमत्ता असे. काही जण घरातले वडिलोपार्जित पातेच लष्करी मूठ-म्यानात बसवून घेत. हवालदार-नाईक दर्जाच्या सैनिकांना मात्र सरकारी तलवार मिळे. ती यंत्रावर बनलेली आणि अनुक्रमांक ठोकलेली असे.

टाइप ९४, ९५, ९८ या आकड्यांचा अर्थ काय?

जपानी लष्कर शस्त्रांना नाव देताना सम्राट जिम्मूच्या दंतकथेतील राज्यारोहणापासून, म्हणजे इसवी सनपूर्व ६६० पासून वर्षे मोजत असे. १९३४ हे त्या गणनेतील २५९४ वे वर्ष, म्हणून ‘टाइप ९४’. प्रसिद्ध ‘झीरो’ लढाऊ विमानाचे नावही असेच आले. १९४० म्हणजे २६००, म्हणून शून्य.

टाइप ९४ ही अधिकाऱ्यांची तलवार, टाइप ९५ (१९३५) हवालदारांची, टाइप ९७ (१९३७) नौदलाची आणि टाइप ९८ (१९३८) ही टाइप ९४ ची सोपी आवृत्ती. युद्धाच्या उत्तरार्धात आणखी एक साधी, मजबूत तलवार दिसू लागते. लष्करी भाषेत ती ‘तात्पुरत्या नमुन्याची’ होती. संग्राहक तिला बहुधा ‘टाइप ३’ म्हणतात.

पात्यावर कोरलेले वर्ष वाचणे त्याहून सोपे आहे. ‘शोवा’ म्हणजे सम्राट हिरोहितोंचा कालखंड. शोवा वर्षात १९२५ मिळवले की इसवी सन मिळते. शोवा १८ म्हणजे १९४३, शोवा २० म्हणजे १९४५.

शेवटच्या वर्षांत तलवार कशी बदलली?

संग्राहकांना खरा रस आहे तो येथे. अमेरिकी पाणबुड्यांनी जपानची जहाजे बुडवायला सुरुवात केली, तसा देशात येणारा कच्चा माल आटत गेला. तांबे, पितळ काडतुसांना आणि तोफगोळ्यांना हवे होते. तलवारीच्या सजावटीला ते कुठून मिळणार?

त्यामुळे आधी पितळी साज गेला आणि काळा रंग दिलेले लोखंड आले. परजेवरची फुले कमी झाली, नंतर परज म्हणजे नुसती लोखंडी चकती उरली. पाकटाच्या कातड्याची जागा कापडाने किंवा सेल्युलॉइडने घेतली. धातूच्या म्यानाऐवजी लाकडी म्यान आणि त्यावर चामड्याची खोळ आली. टाइप ३ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तलवारीत मुठीवरच्या फितीला लाखेसारख्या रोगणाचा थर दिलेला दिसतो. पावसाळी जंगलात फीत कुजून सैल होऊ नये हा त्यामागचा विचार. मूठ आणि पाते जोडणारी बांबूची खुंटी एक असायची, ती काही तलवारींत दोन झाली.

हवालदारांच्या टाइप ९५ मध्ये हा उतार सर्वांत स्पष्ट वाचता येतो. सुरुवातीच्या तलवारींना तांब्याची ओतीव मूठ, मग रंगवलेली अ‍ॅल्युमिनियमची मूठ. ती अशी रंगवलेली की दुरून रेशमी फीत गुंडाळल्यासारखी वाटावी. अ‍ॅल्युमिनियमही विमानांकडे वळल्यावर आडव्या-तिरप्या खाचा पाडलेली साधी लाकडी मूठ आली. पात्यावरची लांब पन्हळही काढून टाकली गेली, तेवढीच यंत्रावरची एक पायरी वाचली.

अशा तलवारी क्रमाने मांडल्या तर युद्ध कुठल्या दिशेने चालले होते ते कागदपत्र न उघडताही दिसते. एकेकाळी ‘निकृष्ट’ म्हणून बाजूला टाकलेल्या शेवटच्या तलवारींना आज मागणी आहे ती यामुळे.

पाते हाताने घडवलेले की यंत्रावर?

संग्राहकांमध्ये सर्वाधिक वाद यावर होतात. पारंपरिक जपानी पाते ‘तामाहागाने’ या पोलादाचे असते. लोहयुक्त वाळू आणि कोळसा मातीच्या भट्टीत कित्येक दिवस तापवून ते मिळवतात. लोहार ते पुनःपुन्हा दुमडून ठोकतो, धारेचा भाग सोडून उरलेल्या पात्याला मातीचा लेप देतो आणि तापलेले पाते पाण्यात बुडवतो. आपल्याकडचे लोहार ज्याला ‘पाणी देणे’ म्हणतात तीच ही क्रिया. त्यातून धारेलगत ढगांसारखी पांढुरकी रेषा उमटते. ती ‘हामोन’.

युद्धकाळात लाखो सैनिकांना तलवारी पुरवायच्या होत्या. ही पद्धत त्याला पुरणारी नव्हती. मग तयार पोलादाच्या पट्ट्या यंत्राच्या घणाखाली ठोकल्या गेल्या आणि पाण्याऐवजी तेलात बुडवल्या गेल्या. तेलात पाते सावकाश थंड होते, तडा जाण्याची भीती कमी, म्हणून वाया जाणारा मालही कमी. अशा पात्यांना ‘शोवातो’ म्हणतात. गिफू प्रांतातील सेकी हे गाव या उत्पादनाचे मोठे केंद्र होते. आज तेच गाव स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि दाढीच्या पात्यांसाठी जगभर ओळखले जाते.

तरीही सगळी युद्धकालीन पाती यंत्राची नाहीत. टोक्योच्या यासुकुनी मंदिराच्या आवारात १९३३ मध्ये सुरू झालेल्या भट्टीत १९४५ पर्यंत सुमारे ८१०० तलवारी पारंपरिक पद्धतीने घडल्या. लष्कराने निवडक लोहारांना परीक्षेनंतर तामाहागाने आणि कोळसा पुरवला. त्यांच्या पात्यांवर सहसा ताऱ्याचा शिक्का आढळतो.

या दोन टोकांच्या मधला एक प्रकार मांचुरियातला. जपानच्या ताब्यातील साउथ मांचुरिया रेल्वे कंपनीने दालियान येथे तलवारी बनवल्या. कडाक्याच्या थंडीत पाते मोडू नये यासाठी कठीण पोलादाच्या आवरणात मऊ लोखंडाचा गाभा बसवलेला असे. अनेक पात्यांवर ‘आशियाच्या उत्कर्षासाठी एकदिलाने’ अशा आशयाची घोषणा कोरलेली आहे. आशिया जिंकायला निघालेल्या लष्कराची भाषा कशी होती, याचा हा पोलादावरचा पुरावा. नौदलासाठी तर न गंजणाऱ्या पोलादाची पातीही तयार झाली. त्यांवर नांगराचा शिक्का असतो.

या तलवारी परदेशात कशा पोहोचल्या?

शरणागतीतून. जपानने २ सप्टेंबर १९४५ रोजी शरणागतीच्या करारावर सही केली. जनरल डग्लस मॅकआर्थर यांना तलवारी स्वीकारण्याचा सोहळा कालबाह्य वाटत होता. आग्नेय आशियातील दोस्तांचे सरसेनापती लॉर्ड माउंटबॅटन आणि १४ व्या सैन्याचे सेनापती विल्यम स्लिम यांचे मत उलट होते. जपानी अधिकाऱ्याने स्वतःच्या सैनिकांसमोर तलवार द्यावी, म्हणजे पराभव झालाच नाही असे नंतर कोणी म्हणू शकणार नाही, असा त्यांचा आग्रह होता.

त्याप्रमाणे मलाया, ब्रह्मदेश, इंडोचायना येथे तलवारींचे ढीग लागले. जपानी दक्षिण सैन्याचे प्रमुख फील्ड मार्शल तेराउची यांनी ३० नोव्हेंबर १९४५ रोजी सायगावमध्ये आपल्या तलवारी माउंटबॅटन यांच्या हाती दिल्या. ब्रह्मदेशातील सेनापती किमुरा यांची तलवार स्लिम यांच्याकडे गेली. किमुरा यांना पुढे टोक्यो खटल्यात फाशी झाली.

हे १४ वे सैन्य बहुतांशी भारतीय सैनिकांचे होते, हे विसरता येणार नाही. त्यात मराठेही होते. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधील सांगशाक येथे ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडसोबत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन जपान्यांशी झुंजली. पाणी आणि दारूगोळा संपत आला असतानाही त्यांनी शत्रूला काही दिवस रोखून धरले. इम्फाळ आणि कोहिमाला तयारीसाठी मिळालेला वेळ त्यांनी असा विकत घेतला. त्यामुळे ब्रह्मदेश आघाडीवरची जपानी तलवार आपल्यासाठी निव्वळ परदेशी कुतूहलाची वस्तू राहत नाही.

खुद्द जपानमध्ये मोठा भाग अमेरिकी सैनिकांनी आठवण म्हणून उचलला. घरी नेण्यासाठी वरिष्ठांच्या सहीचा कागद मिळे. तो कागद तलवारीसोबत टिकला असेल तर आज त्याचे मोल वेगळे आहे.

मग जपानमध्ये त्या बेकायदा कशा?

दोस्त राष्ट्रांच्या ताब्यातील जपानमध्ये १९४५ च्या अखेरीस सर्व शस्त्रे जमा करण्याचा आदेश निघाला. असंख्य तलवारी वितळवल्या गेल्या किंवा समुद्रात टाकल्या गेल्या. सातशे-आठशे वर्षांच्या पात्यांचेही तेच होणार, हे दिसताच होन्मा जुन्जी यांच्यासारखे तज्ज्ञ अमेरिकी अधिकाऱ्यांना भेटले. कर्नल कॅडवेल यांनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले. तलवार ही कलाकृती असू शकते, असा युक्तिवाद मान्य झाला आणि कलात्मक मूल्य असलेल्या पात्यांना सूट मिळाली.

टोक्योतील आकाबाने येथील अमेरिकी आगारातून वेगळ्या काढलेल्या सुमारे पाच हजार तलवारी अशा वाचल्या. त्यातील तीन हजारांहून अधिक पुढे १९९० च्या दशकाअखेर देशभरातील सार्वजनिक संग्रहालयांना दिल्या गेल्या. १९४८ मध्ये कलात्मक तलवारींच्या जतनासाठी संस्थाही उभी राहिली.

या तडजोडीची दुसरी बाजू अशी, की जे पाते कला नाही ते फक्त शस्त्र ठरले. जपानचा बंदुका आणि तलवारींसंबंधीचा कायदा १९५८ चा आहे. त्यानुसार पारंपरिक पद्धतीने घडलेल्या पात्याचीच कलावस्तू म्हणून नोंदणी होते. कारखान्यातल्या शोवातोला नोंदणी नाही, म्हणून ती बाळगता येत नाही. घरात सापडल्यास पोलिसांना कळवावे लागते आणि बहुधा तिचा शेवट नष्ट होण्यात होतो.

परिणामी युद्धाच्या शेवटच्या वर्षांतील जपानी तलवारींचा अभ्यास करायचा तर बहुतेक नमुने अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया येथेच पाहावे लागतात.

तलवार जपानला परत पाठवावी का?

अनेक वारसांना मनापासून तसे वाटते. मूळ मालकाच्या घरी ती पोहोचावी, ही भावना समजण्यासारखी आहे. काही तलवारींना शरणागतीच्या वेळी बांधलेली लाकडी किंवा कापडी पट्टी अजून आहे, तिच्यावर अधिकाऱ्याचे नाव-गावही असते.

या मार्गाने काही थोर वस्तू घरी परतल्या आहेत. अमेरिकी उद्योजक आणि संग्राहक डॉ. वॉल्टर कॉम्प्टन यांना आपल्याकडचे एक पाते कागोशिमाच्या तेरुकुनी मंदिराचा हरवलेला राष्ट्रीय ठेवा असल्याचे समजले. १९६३ मध्ये त्यांनी ते मोबदला न घेता परत केले. याउलट, तोकुगावा घराण्याने युद्धानंतर पोलिसांकडे जमा केलेली विख्यात होन्जो मासामुने तलवार अजूनही बेपत्ता आहे.

पण यंत्रावर घडलेली तलवार पाठवली तर ती सीमाशुल्क विभागातच अडकते. नोंदणीच्या तपासणीत पाते पारंपरिक नाही असे ठरले, की ती परत न्यावी लागते किंवा नष्ट होते. ऐंशी वर्षे जपलेली आठवण सद्भावनेपोटीच संपून जाते. म्हणून पाठवण्यापूर्वी पाते कोणत्या पद्धतीचे आहे याची खात्री करणे आवश्यक ठरते. मालकाच्या कुटुंबाचा शोध लागला, तर पट्टी, छायाचित्रे आणि कोरलेल्या अक्षरांच्या प्रती पाठवणे हा अधिक सुरक्षित मार्ग आहे.

खरी आणि बनावट कशी ओळखतात?

मागणी वाढली तशी नकलाही वाढल्या. विशेषतः टाइप ९५ च्या नकला बाजारात मोठ्या प्रमाणात आहेत. जाणकार आधी पात्याकडे नव्हे तर ‘नाकागो’कडे, म्हणजे मुठीच्या आत दडलेल्या भागाकडे पाहतात. तिथला गंज वर्षानुवर्षे सावकाश चढलेला, गडद आणि गुळगुळीत असतो. आम्लाने चढवलेला गंज लालसर, भुसभुशीत दिसतो. अक्षरे निरर्थक, शिक्के अस्पष्ट, पात्यावरची हामोन रेषा नुसती रसायनाने उमटवलेली, अनुक्रमांकाची धाटणी चुकीची, ही इतर लक्षणे. टाइप ९५ मध्ये पाते आणि म्यान यांचा क्रमांक जुळला तर जोडी मूळची मानली जाते.

त्यामुळे सापडलेल्या तलवारीचा नाकागो कधीही घासून लखलखीत करू नये. गंजासोबत तिची जन्मकुंडली पुसली जाते. मूठ निघत नसेल तर हातोडीने ठोकू नये, पात्याला बोटे लावू नयेत, यंत्रावर धार लावून घेऊ नये. हलक्या तेलाचा पातळ हात आणि कोरडी जागा एवढे पुरते.

या संग्रहाला नैतिक बाजू नाही का?

आहे, आणि ती टाळता येत नाही. ऑस्ट्रेलियाचे सार्जंट लेनर्ड सिफ्लीट यांचा २४ ऑक्टोबर १९४३ रोजी न्यू गिनीतील आइतापे येथे तलवारीने शिरच्छेद करण्यात आला. त्या क्षणाचे छायाचित्र एका मृत जपानी सैनिकाकडे सापडले आणि जगभर पोहोचले. चीनमध्ये आणि आग्नेय आशियात असे कितीतरी जण होते ज्यांचे छायाचित्र कोणी काढले नाही.

त्याच वेळी बहुतेक तलवारींनी प्रत्यक्षात काय केले हे सांगता येत नाही. कित्येक कारखान्यातून निघून थेट शरणागतीच्या ढिगात पडल्या. नेमका हाच अंधार काही विक्रेते वापरतात आणि रक्ताच्या खोट्या कहाण्या जोडून किंमत चढवतात. जबाबदार संग्राहक याबाबत एक साधा नियम पाळतात. वस्तू विकत घ्यावी, तिची कहाणी नव्हे. कागद, पट्टी, सैनिकाचे पत्र यांपैकी काही नसेल, तर तलवारीबद्दल तिच्या पोलादावर लिहिले आहे तेवढेच खरे मानावे.

भारतात अशी तलवार बाळगता येते का?

भारतीय शस्त्र कायदा १९५९ चा आहे. त्याखालील नियमांत तलवार शस्त्रांच्या यादीत येते. परदेशातून ती आणण्यासाठी परवाना लागतो. ऑनलाइन लिलावात बोली लावून कुरियरने मागवता येईल, असा समज असेल तर ती सीमाशुल्क विभागात जप्त होण्याची आणि पुढे गुन्हा दाखल होण्याची शक्यता आहे. घरात तलवार ठेवण्याबाबतचे निर्बंध त्या भागासाठी निघालेल्या अधिसूचनेवर अवलंबून असतात. त्यामुळे लष्करात असलेल्या पणजोबांच्या ट्रंकेत अशी वस्तू निघाली, तर आधी वकिलाचा सल्ला घेऊन स्थानिक पोलिसांना कळवणे इष्ट.

पुरावस्तू म्हणून या तलवारींना सध्या संरक्षण नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यासाठी वस्तू किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते. १९४५ ची तलवार तो टप्पा २०४५ मध्ये गाठेल. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००८ पासून लांब वक्र तलवारींच्या विक्रीवर बंदी आहे, मात्र १९५४ पूर्वीच्या आणि पारंपरिक पद्धतीने घडलेल्या तलवारींना सूट आहे.

आणि तलवार निघाली नाही तरी ट्रंक पुन्हा एकदा नीट पाहावी. ब्रह्मदेशातून लिहिलेले पत्र, पलटणीचे नाव असलेला कागद, पदक किंवा धूसर झालेला फोटो असेल तर त्यासोबत घरच्या वडीलधाऱ्यांना आठवते ते तारखेसह लिहून ठेवावे. लोखंडी परज आणि लाकडी मूठ जपानचे हाल सांगते. त्या तलवारीसमोर उभा राहिलेला मराठी सैनिक काय सांगत होता, हे मात्र घरातल्या कागदांतूनच कळेल.